आभाळ न हलवता

एकदा एक कबड्डीपटू आपल्या गुरूंकडे परत आला आणि शिष्याने गुरूकडे सहसा मागू नये असे काहीतरी त्याने मागितले. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही जे शिकवलंत ते मला विसरायचंय. कसं विसरायचं, तेवढं शिकवा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले, हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "घाई आहे का?"

"एक महिना आहे."

"पुरेल," मास्तर म्हणाले. "उद्या उजाडताना मिठागराच्या शेवटच्या कप्प्यावर ये. चप्पल घालू नकोस."

गाव खाडीकाठचे होते, मिठागरांचे. गावाच्या तीन बाजूंना खाऱ्या पाण्याचे चौकोनी कप्पे होते आणि त्यांच्या मधून मातीचे अरुंद बांध जात. सकाळच्या प्रहरी वारा पडलेला असला की सगळे आभाळ त्या पाण्यात उतरत असे. परगावचा माणूस अशा वेळी तिथे आला, तर आपण बांधावरून चाललो आहोत की ढगांच्या कडेकडेने, हे त्याला क्षणभर कळत नसे. मास्तर याच मिठागरांत उभा जन्म राबले होते. शाळेत शिकवायला ते कधी गेले नाहीत, पण बांधापलीकडच्या मैदानावर त्यांनी चाळीस वर्षे गावातल्या मुलांना कबड्डी शिकवली, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अंगावर मांस असे फारसे उरले नव्हते. बोलणे पूर्वीपासूनच कमी होते, ते आणखी कमी झाले होते.

आलेला शिष्य म्हणजे जयेंद्र मोकल. वय तीस. लहानपणी तो अंगाने थोराड आणि पायाने मंद होता. बरोबरीची चपळ मुले चढाई करायला धावत, समोरच्या अंगणात शिरून कुणाला तरी शिवून परत येत आणि बांधावर बसलेले लोक त्यांची नावे घेऊन ओरडत. जयेंद्रला मास्तरांनी बचावात उभे केले, तेही मध्यरक्षक म्हणून. चढाई करणारा पूर्ण वेगाने आत येतो तेव्हा त्याला आपल्या छातीवर झेलायचे, हे मध्यरक्षकाचे काम. चढाई करणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी असते. त्याला झेलणाऱ्याचे नाव पुष्कळदा बाजूच्या माणसाला विचारून घ्यावे लागते.

पण जयेंद्रला ते काम आवडले. एकोणिसाव्या वर्षी मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाने त्याला घेतले. चोविसाव्या वर्षी तो व्यावसायिक लीगमध्ये उतरला, आणि पुढची सहा वर्षे दिव्यांच्या झगमगाटात, रबरी मॅटवर, रोज कुणीतरी त्याच्या अंगावर धावून येत राहिले. डावा खांदा दोनदा निखळला. उजव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट एका हंगामात वाकडे झाले ते तसेच राहिले. सकाळी अंथरुणातून उठताना त्याला आधी कुशीवर वळावे लागे, मग हाताचा रेटा द्यावा लागे. या कशाचे त्याला दुःख नव्हते. कुणी विचारले तर तो म्हणे, की एक क्षण असतो, धावत्या माणसाचा सगळा वेग आपल्या मिठीत शिरतो आणि एकदम शांत होतो. समुद्रावरून आलेला वारा घरात शिरून थांबावा तसा. त्या क्षणासाठी आपण खेळतो.

मग तो उपांत्य सामना आला.

समोरच्या संघात भागवत सानप नावाचा बावीस वर्षांचा चढाईपटू होता. त्याचा तो पहिलाच हंगाम. सडपातळ, उंच, आणि मॅटला पाय लागतात की नाही असे वाटावे इतका हलका. शेवटची तीन मिनिटे उरली असताना तो आत आला, डाव्या कोपऱ्याकडे झुकला आणि तिथून वळताना जयेंद्रच्या टप्प्यात सापडला. जयेंद्रने त्याची कंबर धरली आणि त्याला उचलले. भागवतचे दोन्ही पाय हवेत होते. पंचांची शिट्टी झाली. पकड पूर्ण झाली होती, सामना फिरला होता आणि प्रेक्षागृहातली हजारो माणसे एका आवाजात उठून उभी राहिली.

पुढच्याच क्षणी भागवत मॅटवर पडला. उजवा गुडघा त्याच्याच अंगाखाली दुमडला गेला. आवाज फार मोठा झाला नाही. तो त्या गर्दीत फक्त जवळच्या दोघांतिघांनी ऐकला असेल.

भागवतच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो चालू शकेल, पण खेळू शकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पंचांनी जयेंद्रची पकड निर्दोष ठरवली होती. त्या संध्याकाळी सामन्यातला उत्तम बचावपटू म्हणून त्याला चषकही मिळाला. सहकारी म्हणाले, "खेळ आहे, होतं असं." भागवतचे स्वतःचे प्रशिक्षकसुद्धा म्हणाले, "पोरगा चुकीचा पडला. तुझा काही दोष नाही." जयेंद्रने सगळ्यांचे ऐकून घेतले.

त्यानंतर त्याच्या हातांना काहीतरी झाले. पुढच्या हंगामात ते माणसापर्यंत पोहोचत, पण मिटत नसत. चढाईपटू त्याच्या बाहूंतून असे निसटून जात, जणू तिथे कुणी उभेच नव्हते. झोपेत त्याला निळ्या पोशाखातला भागवत दिसे. तो पडत असे. पडतच राहत असे. त्याच्या खाली जमीन यायचीच नाही, आणि जयेंद्र हात वर करून उभा असलेला स्वतःलाच दिसे. एखाद्या खोल, स्वच्छ पाण्यात पैसा टाकावा आणि तो तळाला टेकण्याची वाट पाहत राहावे, तसा त्याचा जागेपणीसुद्धा वाट पाहण्यात वेळ जाऊ लागला.

शेवटी त्याच्या संघाच्या प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेतले. "जयेंद्र, तुझे पाय इथे आहेत, हात कुठेतरी राहिलेत. महिनाभर गावी जा. हात सापडले तर घेऊन ये. नाही सापडले तर मला तुझ्या जागी दुसरा उभा करावा लागेल."

असा तो गावी आला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो मिठागराच्या शेवटच्या कप्प्यावर गेला. तो कप्पा आता मिठासाठी वापरत नसत, नुसते घोटाभर पाणी तिथे साठून राही. वारा नव्हता. पाण्यात फिकट गुलाबी आभाळ होते आणि त्याच्या मधोमध, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, मास्तर उभे होते.

"ये," ते म्हणाले. "मला उचल."

जयेंद्रला वाटले आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"कंबर धर आणि उचल. सामन्यात उचलतोस तसा. मग खाली ठेव."

जयेंद्र घाबरतच पुढे झाला. वर्षभरात त्याने कुणालाही मनापासून धरले नव्हते. त्याने मास्तरांची कंबर धरली. धोतराच्या आत हाडे हाताला लागली. त्याने त्यांना उचलले, क्षणभर धरले आणि खाली ठेवले. त्यांच्या पावलांपासून वलये निघाली, गुलाबी ढग मोडले आणि बांधापर्यंत थरथरत गेले.

मास्तर पाण्याकडे पाहत होते. "आभाळ हललं," ते म्हणाले. "पुन्हा."

पाणी शांत व्हायला थोडा वेळ लागे. तेवढा वेळ दोघेही न हलता उभे राहत. मग जयेंद्र त्यांना उचली, खाली ठेवी आणि मास्तर म्हणत, "हललं. पुन्हा." सूर्य वर आला, पाण्यावर तेज पसरले आणि काही दिसेनासे झाले, तेव्हा ते म्हणाले, "आज एवढंच."

"मास्तर, यातून काय होणार?"

"उद्या ये."

दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. जयेंद्रने आपल्या परीने युक्त्या केल्या. गुडघे जास्त वाकवून पाहिले, श्वास रोखून पाहिला, मास्तरांना आधी टाचेवर आणि मग चवड्यावर टेकवून पाहिले. प्रत्येक वेळी पाणी हलले. चौथ्या दिवशी मास्तरांची बायको, सुगंधाकाकू, न्याहारीचा डबा घेऊन बांधावर आली आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"नवऱ्याला कडेवर घेतलेलं बघायचं तेवढं राहिलं होतं माझं," ती म्हणाली. "अरे जयेंद्रा, पाडशील हो त्यांना. हाडं जुनी झाली."

"पाडत नाही काकू."

"तो पाडत नाही गं," मास्तर हवेतूनच म्हणाले. "तीच तर अडचण आहे. त्याला वाटतं, पाडलं नाही म्हणजे झालं."

जयेंद्रने त्यांना खाली ठेवले. आभाळ हलले. त्या दिवशी मास्तरांनी 'पुन्हा' म्हटले नाही, ते निमूटपणे बांधावर जाऊन भाकरी खाऊ लागले. जयेंद्र मात्र पाण्यातच उभा राहिला. आपल्याला रोज बोलावण्याला काही अर्थ आहे की म्हातारपणी मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, हे त्याला कळेना. महिन्यातले दिवस सरत होते.

सहाव्या दिवशी धुके होते. बांध दिसत नव्हता, गाव दिसत नव्हते. खाली आभाळ आणि वरही तेच, आणि त्या पांढऱ्या पोकळीत हे दोघे. जयेंद्रने मास्तरांना उचलले. आज त्याने काही युक्ती केली नाही, थकला होता. त्याने त्यांना हळूहळू खाली आणले. पावले पाण्यात उतरली, तळाच्या चिखलाला टेकली, आणि पाण्यावर एक बारीकसे वलय उठून विरले. पाणी इतके कमी या सहा दिवसांत कधी हलले नव्हते.

मास्तर कुजबुजल्यासारखे बोलले. "आत्ता कधी सोडलंस?"

जयेंद्रच्या तोंडून उत्तर गेले ते त्यालाही अपेक्षित नव्हते.

"शिट्टी झाल्याबरोबर."

धुक्यात दूर कुठेतरी एक पाणपक्षी ओरडला. मास्तरांनी तिकडे पाहिले नाही. जयेंद्र बोलू लागला आणि एकदा बोलू लागल्यावर थांबला नाही. "शिट्टी झाली, मास्तर. तो अजून वर होता, माझ्या हातात. त्याने अंग सैल सोडलं होतं. शिट्टी झाली की सोडतात सगळे, पकड संपली हे माहीत असतं ना. आणि लोक उठले. एवढे लोक माझ्यासाठी कधी उठले नव्हते. सहा वर्षांत कधीच नाही. मी हात वर केले. दोन्ही हात. तो तसाच खाली गेला. पडद्यावर तीन वेळा दाखवलं, पण तिन्ही वेळा पकड दाखवली आणि मग माझे वर गेलेले हात. मधलं कुणी बघितलं नाही. मला माहीत आहे फक्त. सगळे म्हणतात, तुझा दोष नाही. आणि मी ऐकून घेतो."

त्याला वाटले, मास्तरही आता तेच म्हणतील. गेले वर्षभर जो भेटला त्याने तेच म्हटले होते, आणि प्रत्येक वेळी त्याचे हात थोडे अधिक जड झाले होते.

मास्तर म्हणाले, "हो. तुझ्याच हातून झालं ते."

जयेंद्रने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी आपल्याशी खरे बोलले, असे त्याला वाटले, आणि तो त्या पाण्यातच खाली बसला. मास्तरही त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"नीट ऐक," ते म्हणाले. "मी तुम्हा पोरांना चाळीस वर्षं धरायला शिकवलं. कसं धरायचं, कुठं धरायचं, किती जोरानं. सोडायचं कसं ते शिकवलं नाही. ती माझी चूक. शिट्टी कशासाठी असते? खेळ थांबवण्यासाठी. पण शिट्टी झाली म्हणून धरलेला माणूस नाहीसा होत नाही रे, तो तुझ्या हातातच असतो. त्याला तू जमिनीवरून उचललंस, तेव्हा त्याची जमीन तू झालास. त्याचे पाय पुन्हा खऱ्या जमिनीला लागून त्यांच्यावर त्याचा भार येईपर्यंत तुला हात काढता येत नाहीत. लोक उठोत की बसोत. तुला विसरायचंय म्हणालास. यातलं काहीही विसरू नकोस. तुझे हात मिटत नाहीत ते भित्रे झाले म्हणून नाही, ते अजून रिकामेच झालेले नाहीत. तो पोरगा अजून खाली पोहोचलेला नाही."

धुके विरळ होत होते. बांधाची काळी रेघ हळूहळू उमटू लागली.

"मग मी काय करू?"

"जा आणि त्याला खाली ठेवून ये."

जयेंद्र त्याच दिवशी निघाला. भागवतचे गाव सिन्नरच्या पुढे होते. तो बहिणीकडे राहतो, मेहुण्याच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात काम करतो, एवढे त्याने फोनाफोनी करून काढले होते. जळालेल्या पंपांना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, असे ते काम. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानाच्या दारात उभा राहिला तेव्हा भागवत स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. उजवा पाय सरळ पुढे पसरलेला होता. ओठांत वेढे मोजणे चालू होते.

त्याने मान वर केली आणि ओळखले. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"बसा," तो म्हणाला. "एकशे बारा, एकशे तेरा. पेपरवाला आहे का बरोबर?"

"कुणी नाही. एकटाच आलोय."

"कशाला?"

जयेंद्र बसला नाही. वाटेत सगळा वेळ त्याने मनात वाक्ये जुळवली होती, त्यातले एकही आता आठवेना. "मी तुला लवकर सोडलं," तो म्हणाला. "शिट्टीनंतर. तू हवेत होतास आणि मी लोकांकडे हात केले. तू चुकीचा पडला नाहीस. मी तुला सोडून दिलं. हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट चषक घेतला."

भागवतच्या हातातली तार सैल झाली. वेढे सुटून भेंडोळ्यावर गोळा झाले.

"आता सांगून काय?" तो म्हणाला. आवाज वर गेला नाही, पण त्यात धार होती. "वर्ष झालं. पाय गेला माझा. आता येऊन हलकं व्हायचंय का तुम्हाला?"

"असेल," जयेंद्र म्हणाला. "नाही म्हणणार नाही. पण तुला माहीत हवं, म्हणून आलो."

भागवतने तार पक्कडीने तोडली, पुन्हा टोक पकडले, आणि हात तसाच ठेवून विचारले, "पुन्हा सांगा. माझा पाय?"

"तुझा पाय बरोबर होता. वळलास तोही बरोबर वळलास. शिट्टी ऐकून तू माझ्या भरवशावर अंग सैल टाकलंस. टाकायलाच हवं होतं. प्रत्येकजण टाकतो."

भागवतचा चेहरा बदलत गेला. मग त्या लांब, सडपातळ पोराने हातातली पक्कड खाली ठेवली आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवले. आतून बहीण बाहेर आली, दारात थबकली. जयेंद्रला वाटले, आपण आणखी काहीतरी मोडले.

"आमचे सर म्हणाले होते, तुला पडताच येत नाही," भागवत तळव्यांतूनच बोलत होता. "घरचे म्हणाले, घाई केलीस. वर्षभर मी इथं बसून तेच करतोय, दादा. तार गुंडाळतो आणि मनात पडतो. पाय असा घेतला असता तर, तसा घेतला असता तर. रोज पडतोय मी. हजारदा पडलो असेन. मला वाटायचं, माझंच अंग मला फसवून गेलं. म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

भागवतने तोंडावरचे हात काढले. डोळे ओले होते, पण त्यांत आश्चर्य होते. आपल्याच घरात वर्षभर बंद असलेली एखादी खोली कुणी उघडून दाखवावी, तसा तो स्वतःच्या पसरलेल्या पायाकडे पाहत होता. त्याने गुडघ्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी तो गुडघा त्याच्या बाजूचा झाला होता.

"मी तुम्हाला माफ केलं असं काही म्हणणार नाही," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"नको म्हणूस."

"आज तरी नाही."

"बरं."

बहीण अजून दारात उभी होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, पदराला हात पुसले आणि जयेंद्रला म्हणाली, "लांबून आलात. शेंगोळे केलेत. हातपाय धुवा."

तिघे जेवले. जेवताना कुणी खेळाचे बोलले नाही. विहिरीच्या पाण्याचे निघाले, मेहुणा दुपारी कुठे गेला ते निघाले. निघताना भागवत उठला आणि जयेंद्र नको म्हणत असताना एसटीच्या थांब्यापर्यंत आला. जयेंद्रने त्याच्या दंडाला आधार देण्यासाठी हात पुढे केला. भागवतने तो बाजूला सारला. "चालता येतं मला," तो म्हणाला, आणि लंगडत पण ताठ मानेने त्याच्या पुढेच चालू लागला.

जयेंद्र परतला तेव्हा मास्तर ओसरीवर बसून जाळे शिवत होते. त्याने जे घडले ते सांगितले. माफी मिळाली नाही, हेही सांगितले.

"ती त्याची गोष्ट," मास्तर म्हणाले. "पाय टेकले का त्याचे?"

जयेंद्रने थोडा विचार केला. त्याला तो रस्ता आठवला, पुढे चाललेली पाठ आठवली. "टेकले," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली आणि आत वळून म्हणाले, "सुगंधे, दोन कप चहा टाक गं." तो महिना संपायला अजून वीसेक दिवस होते. ते त्यांनी उचलून खाली ठेवण्याखेरीज बाकी काही शिकवण्यात घालवले नाहीत.

जयेंद्र त्यानंतर चार हंगाम खेळला. त्याचे नाव पुढेही फारसे कुणाच्या तोंडी बसले नाही. चषक पुन्हा मिळाला नाही. त्याच्या पकडी आकड्यांत मोजल्या तर पूर्वीपेक्षा थोड्या कमीच भरल्या, कारण एकेका माणसाला तो जास्त वेळ लावी. पण लीगमधल्या चढाईपटूंमध्ये एक गोष्ट हळूहळू पसरली, की मोकलच्या हाती सापडलास तर घाबरू नकोस. ती वर्तमानपत्रांत कधी छापून आली नाही. कदाचित कुठल्याच खेळातल्या अशा गोष्टी छापून येत नसाव्यात.

चौथ्या हंगामाच्या अखेरीस, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो शेवटचा सामना खेळला. समोरून एक नवखा मुलगा आत आला, चुकला, आणि जयेंद्रच्या छातीवर आदळला. जयेंद्रने त्याला उचलले. शिट्टी झाली. लोक उठले, आपल्या संघातले सहा जण ओरडत अंगावर धावून आले, बाहेरून कुणीतरी त्याचे नावसुद्धा घेतले. तो मुलगा मात्र अजून वरच होता. त्याने खाली वाकून पाहिले आणि धापा टाकत म्हणाला, "दादा, शिट्टी झाली. सोडा की आता."

"सोडतो," जयेंद्र म्हणाला. "आधी नीट उभा राहा."